चालता-बोलता

काटोलात कुणाच्या मयताला गेलं की अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. गेलेला माणूस म्हातारा असेल, सकाळी चहा पिऊन, पेपर चाळून दुपारी गेला असेल, तर कुणीतरी म्हणतं, "चालता-बोलता गेला. नशीबवान." दोन-चार माना हलतात. वय किती होतं, हा प्रश्न त्यानंतर येतो. उलट एखादी आजी नव्वदीत जाते, पण शेवटची चार वर्षं खाटेवर काढलेली असतात, तेव्हा लोक एवढंच म्हणतात, "सुटली." नव्वद वर्षांचं आयुष्य त्या एका शब्दात गुंडाळलं जातं आणि त्यात कौतुक नसतं.

चांगल्या मरणाची आपल्याकडची व्याख्या इतकी साधी आहे. किती वर्षं जगला याला फारसे गुण नाहीत. शेवटपर्यंत पाय आणि तोंड चाललं का, याला आहेत. "हातपाय चालते आहेत तोवर देवानं न्यावं" हे वाक्य तुम्ही तुमच्या घरातही ऐकलं असेल आणि ऐकून "काहीतरीच काय बोलतेस आजी" म्हणून विषय बदलला असेल. विषय बदलायची घाई आपल्याला असते. तिला नसते. ती पुरेशा विचारानं बोललेली असते.

आता घड्याळाकडे येऊ. काटोल हे नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचं संत्र्याचं गाव. इथली मुलं शिकतात आणि पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात. दिवाळीला येताना वडिलांसाठी पावलं मोजणारं घड्याळ आणतात. घड्याळ वडिलांच्या मनगटावर आणि आकडे मुलाच्या फोनवर. मग रात्री फोन येतो. "बाबा, आज आठशेच पावलं? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?" बाबा सांगतात, "वावरात गेलतो ना, घड्याळ घरीच राह्यलं." खरं असतं की नाही कोण जाणे. साठी ओलांडलेला, एके काळी या मुलाच्या गणिताच्या वहीवर लाल खुणा करणारा माणूस आता मुलाला रोजचा हिशेब देतो.

मुलाची काळजी खोटी नाही. बाबांच्या हृदयात एक स्टेंट आहे, पायांच्या काड्या झाल्यात, पायजम्याची नाडी दर वर्षी एक बोट आत येतेय. तरीही प्रश्न उरतोच. हे विचारायचा हक्क मुलाला कुठून मिळाला? म्हाताऱ्या माणसानं चालावं हे त्याचं कर्तव्य आहे का? आणि असलंच तर ते कुणाप्रती आहे: स्वतःच्या हृदयाप्रती, मुलाप्रती, उद्या त्याला उचलणाऱ्या सुनेप्रती, की कुणाच्याच प्रती नाही?

म्हाताऱ्यांचं यावर एक उत्तर आहे आणि ते नीट ऐकण्यासारखं आहे. "सारी जिंदगी चाललोच ना. आता तरी बसू द्या." हे आळशी माणसाचं बोलणं नव्हे. काटोल-नरखेडच्या बायकांनी संत्रातोडीत उभं राहून दिवस काढलेत, कापूस वेचलाय, डोक्यावर ओझी वाहिलीत. पुरुष बंडीच्या मागे चाललेत, रात्री ओलित करायला वावरात गेलेत. ज्या बाईनं पन्नास वर्षं फक्त पोटासाठी पायपीट केली, तिला आता "आजी, रोज अर्धा तास चालत जा, तब्येतीला चांगलं असतं" असं सांगणं तिला जरा चेष्टेसारखं वाटलं तर नवल नाही. व्यायाम ही कल्पनाच मुळात ज्यांना दिवसभर बसायला मिळतं त्यांची. आधी कष्ट, मग विश्रांती, हा तिचा आयुष्याशी झालेला करार आहे. तिनं तिच्या बाजूचं सगळं पाळलं. आता विश्रांतीची पाळी आली, तर नातू म्हणतो, ऊठ.

आपली भाषाही तिच्याच बाजूनं आहे. "आई आता थकली" असं आपण म्हणतो, तेव्हा ती दमली असा अर्थ नसतो. ती म्हातारी झाली असा असतो. म्हातारपणाला आपण थकवा हे नाव दिलंय, आणि थकव्यावर उपाय एकच असतो, तो म्हणजे बसणं, पडणं, आराम. "तू बस, मी करते." "तू कशाला उठलीस?" "पाणी मी आणून देतो, तू हलू नको." चांगली सून, चांगला मुलगा यांची परीक्षा आपल्याकडे या वाक्यांवर होते. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं याला आपण सेवा म्हणतो.

इथे शरीराचं म्हणणं भाषेच्या म्हणण्यापेक्षा वेगळं निघतं. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात. तिशीनंतर हळूहळू, साठीनंतर भराभर. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकानं सार्कोपेनिया असं नाव दिलं. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. तोवर या गोष्टीला नावच नव्हतं, कारण ती गोष्ट आहे असं कुणाला वाटत नव्हतं. म्हातारा माणूस वाळतोच, त्यात काय. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगसूचीत तिला स्वतःचा क्रमांक मिळाला. एखादी गोष्ट नशीब या खात्यातून आजार या खात्यात गेली, की तिच्यावर काहीतरी करता येईल अशी आशा तयार होते आणि सोबत काहीतरी न केल्याचा दोषही. दोन्ही एकाच दिवशी जन्मतात.

थकवा आणि झीज यांतला फरक महत्त्वाचा आहे. थकवा विश्रांतीनं जातो. झीज विश्रांतीनं वाढते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहायला लावलं. दमश्वास साफ ढासळला. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत आले, तेव्हा त्यांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या म्हातारपणानं त्यांची जेवढी ताकद नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगानं नेली होती. हे तरुणांचं झालं. २००७ मधल्या एका प्रयोगात सत्तरीच्या आसपासची निरोगी माणसं दहा दिवस अंथरुणावर ठेवली, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत. डेंग्यूनं किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर "जरा आराम करा" म्हणून आजीला आपण किती दिवस झोपवून ठेवतो ते आठवा.

वाईट भाग असा की स्नायूंना प्रॉव्हिडंट फंड नसतो. चाळिशीत केलेल्या संत्रातोडीची पेन्शन सत्तरीत मिळत नाही. भरलेलं काही काळ पुरतं, पण भरणं थांबलं की खातं रिकामं होत जातं. आणि हे वजनकाट्यावर बहुतेकदा कळतही नाही, कारण मांसाच्या जागी चरबी येऊन बसते. कळतं ते दुसरीकडे. लग्नात पंगतीत बसणारी आजी खुर्ची मागते. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर हात जातो, मग भिंतीवर. आशियाई देशांच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये जी कसोटी ठरवली, तिच्यातही असंच काहीसं आहे. हात न टेकवता खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले, किंवा चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी झाला, तर शंका घ्यावी. सेकंदाला एक मीटर. रस्ता ओलांडताना समोरून येणारा ट्रक साधारण इतक्याच वेगाची अपेक्षा धरून येत असतो.

हृदयाचा संबंध कुठे येतो? हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं. वर परत आणायचं काम बरंचसं पोटऱ्या करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शिरांतल्या झडपा उघडतात आणि रक्त वर सरकतं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायूच कमी झाले तर साखर रक्तात रेंगाळते आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान करते. दुसऱ्या बाजूनं, हृदय कमजोर झालेल्या माणसाचे स्नायू लवकर झडतात. तो दमतो म्हणून बसतो आणि बसतो म्हणून आणखी दमतो. चालण्यानं हृदयाचं भलं होतं ही शंकाही जुनीच. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पगार जवळजवळ सारखा, गाडी तीच, फक्त एक बसलेला आणि एक चालता.

घड्याळातल्या दहा हजार पावलांबद्दल मात्र एक गंमत सांगायला हवी. तो आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" होतं. आकडा गोल होता, लोकांना आवडला, टिकला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त अमेरिकी बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसत नव्हता. म्हणजे पुण्याहून फोनवर दहा हजारांचा आग्रह धरणारा मुलगा एका जपानी जाहिरातीची वसुली करत असतो.

आता माझ्या मते या विषयातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट. अमेरिकेत ७० ते ८९ वयाची १,६३५ माणसं घेऊन एक मोठा प्रयोग झाला. सगळी जरा कमजोर, पण अजून चालू शकणारी. अर्ध्या लोकांना चालणं आणि सोबत थोडे ताकदीचे, तोल सांभाळायचे व्यायाम. अर्ध्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला. सलग ४०० मीटर चालणंही अशक्य होण्याची वेळ व्याख्यानवाल्यांत ३५.५ टक्के लोकांवर आली, चालणाऱ्यांत ३० टक्क्यांवर. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. दोन वर्षांनी त्याच प्रयोगातल्या हृदयविकाराच्या घटना मोजल्या. झटके, पक्षाघात, हृदयानं झालेले मृत्यू. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

यावरून कुणी "मग चालून उपयोग काय" असं म्हणेल, तर ते घाईचं होईल. अडीच वर्षं हा हृदयासाठी लहान काळ आहे. सत्तरीपर्यंत धमन्यांत जे साठलंय ते सहज उतरत नाही. आणि इतर कितीतरी अभ्यास चालण्याच्या बाजूनं आहेत. मला या निकालात वेगळं काही दिसतं. त्या वयात चालण्यानं खात्रीनं काय मिळतं, तर चालणं मिळतं. आणखी वर्षं मिळतीलच असं नाही. असलेली वर्षं पायांवरची मिळतात.

आता मुलाचा फोन पुन्हा ऐका. तो काय सांगतो? "हृदयासाठी चाला." म्हणजे मरू नका. तो स्वतःच्या भीतीबद्दल बोलतोय, बाबांना गमावायच्या भीतीबद्दल. आणि बाबांची भीती? त्यांना मरणाचं तेवढं भय नाही. त्यांना भय आहे खाटेचं. बेडपॅनचं. सुनेनं अंघोळ घालण्याचं. दोघं एकाच चालण्याबद्दल बोलतात आणि एकमेकांना पोचत नाहीत, कारण एक मरण पुढे ढकलायला बघतोय आणि दुसरा मरणाआधीचा खाटेवरचा काळ टाळायला. कुणी बाबांना सांगितलंच नाही की त्यांचा नवस आणि डॉक्टरांचा सल्ला एकच आहे. १९८० मध्ये जेम्स फ्राइज या डॉक्टरनं एक विचार मांडला होता. आयुष्याची लांबी फार वाढणार नसेल, तरी आजारपण मागे मागे रेटून शेवटच्या थोड्याशा काळात कोंबता येईल. आपल्या अंगणात बसलेल्या लोकांना ही कल्पना कुणी समजावून सांगायची गरज नाही. तिला ते चालता-बोलता जाणं म्हणतात.

मग कर्तव्याचं काय? तेही टाळता येत नाही, कारण खाट एकट्याची नसते. "माझं शरीर आहे, मी बसेन नाहीतर पडेन" असं एखादे आबा म्हणतात, तेव्हा ते पडल्यावर उचलणारे हात कुणाचे असतात ते बघा. बहुतेक घरांत ते सुनेचे असतात, कधी मुलीचे, कधी स्वतःच पासष्टीला आलेल्या आजीचे. बसायचा निर्णय घेणारा पुरुष आणि उचलणारी बाई. दोन वर्षं माणूस उचलून तिची कंबर जाते, तिची झीज कुणी मोजत नाही. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या शरीरावर फक्त त्याचाच हक्क आहे हे मला पूर्ण पटत नाही. जो बोजा दुसऱ्याच्या पाठीवर पडणार, त्याबद्दल त्या दुसऱ्याला बोलायचा हक्क आहे. पण तो तिला आहे. आकडे बघून रागावणाऱ्या, वर्षातून दहा दिवस घरी येणाऱ्या मुलाला तो आपोआप मिळत नाही. आई-वडिलांना पोसण्यासाठी आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. त्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आहे आणि ते द्यायला मुलांना भाग पाडता येतं. सोबत चालायला कुठलाही कायदा भाग पाडू शकत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट पैसे पाठवून होत नाही.

उलट बाजूनं, नाही म्हणायचा हक्कही खरा आहे. विदर्भात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. वर्ध्याजवळ पवनारला विनोबा राहत. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाची पहिली जमीन मिळाली, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्यानंतर साधारण तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी चालत राहिला. प्रकृती मुळातच तोळामासा, पोटाचा जुना आजार, आहार जेमतेम. लोक ज्या वयात व्हीआरएसचा विचार करतात, त्या वयात सुरू झालेलं हे चालणं ६८ व्या वर्षापर्यंत चाललं. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. उपचार होत होते, आणखी करता आले असते. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. ते योग्य होतं का, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होऊ शकतो. त्यांनी नाकारलं, एवढं मात्र स्पष्ट होतं. समोर दुसरा रस्ता उघडा होता, तो त्यांना माहीत होता आणि त्यांनी तो घेतला नाही.

काटोलातली जी आजी "मला नाही चालायचं" म्हणते, तिचं नाकारणं याच जातीचं आहे का? असेल तर आपण गप्प बसावं. पण मला तसं वाटत नाही, कारण तिच्यासमोर रस्ता उघडाच नसतो.

शब्दशः घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. सकाळी सातनंतर म्हाताऱ्या माणसानं बाहेर पडणं धोक्याचं. पावसाळ्यात चिखल, शेवाळ. एरवी पहाटे कुत्री, आणि एकदा पडण्याची भीती बसली की माणूस उंबऱ्यापाशीच थबकतो. ज्याचे पाय झिजलेत त्याला सपाट जागा लागते, मध्ये टेकायला बाक लागतो, आणि बायकांना तर सर्वांत आधी स्वच्छतागृह लागतं. बाहेर गेलं आणि लागली तर, या एका धास्तीनं किती आज्या घरी बसतात, याची चर्चा हृदयविकाराच्या कुठल्याही लेखात नसते. ज्या गावात फुटपाथवर गाड्या लागतात आणि बागेत बाक नसतो, तिथे न चालल्याचा दोष सत्तर वर्षांच्या बाईच्या इच्छाशक्तीला देणं हे सोयीचं आहे. नगरपालिकेला सोयीचं, आपल्यालाही सोयीचं.

दुसरी अडचण आणखी नाजूक आहे. लहान गावात बाईनं उगाच चालायचं नसतं. घराबाहेर पडलं की तीन दारांतून तीच विचारणा येते, "कुठं निघाल्या?" आणि त्याला उत्तर असावं लागतं. देवळात. दुकानात. लेकीकडे. वावरात. "कुठेच नाही, चालायला" हे उत्तर ऐकायला विचित्र लागतं. बिनकामाचं हिंडणं हा अवगुण आहे असं ज्या बाईला लहानपणापासून शिकवलं, तिला आपण सत्तरीत बिनकामाचं हिंडायला सांगतो. पुरुषांना पाराचं, पानटपरीचं निमित्त असतं. तिच्याकडची निमित्तं आपण एकेक करून काढून घेतलेली असतात. दळण मुलगा आणतो, भाजी घरपोच येते, देव मोबाइलवर दिसतो. सेवाच ती.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पंढरपूरला पायी जाते. सातशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, महिनाभराची चाल. वारीत सत्तरीच्या बायका असतात. त्यांतल्या एकीलाही हृदयासाठी चाल म्हटलं असतं तर ती गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा गेली नसती. भक्तीचा मुद्दा मी इथे काढत नाही, तो माझा विषय नाही. मुद्दा एवढाच की पायांना कुठेतरी पोचायचं असतं आणि सोबत कुणीतरी असतं.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कुणी बाबांना उद्यापासून पिटाळेल. नुसतं चालणं हृदयाला पुरतं, झिजलेल्या स्नायूंना पुरत नाही. त्यांना ओझं लागतं. खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, पायरी चढणं-उतरणं, भिंतीला धरून टाचा उचलणं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यात किमान दीडशे मिनिटं चालण्यासारख्या हालचालींसोबत ताकदीचे आणि तोल राखायचे व्यायामही सांगते. ताटात वरण पातळ आणि भात जास्त असं असेल, तर स्नायू बांधायला माल कुठून येणार, हाही प्रश्न आहे. डाळ, दूध, दही, चणे, चालत असतील तर अंडी वाढवावी लागतात. छातीत दाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबून डॉक्टरकडे जावं. आणि उशीर झाला असं समजू नये. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. एकानं मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. नव्वदाव्या वर्षी.

म्हणून कर्तव्य कुणाचं, या प्रश्नाचा मी असा हिशेब मांडतो. ज्याच्यासमोर सपाट रस्ता आहे, सोबत आहे, जायला जागा आहे, दुखलं-खुपलं तर डॉक्टर आहे, आणि तरीही जो बसतो, त्याचं बसणं ही त्याची निवड. ती मान्य करावी आणि त्याच्याशी पत्ते खेळावेत. यातलं काहीच ज्याच्याकडे नाही, त्याच्या बसण्याला निवड म्हणणं ही आपली पळवाट. अशा माणसाला आपण आधी निवडायला काहीतरी देणं लागतो. कधी ते रस्त्यावरच्या बाकासाठी नगरसेवकाच्या मागे लागणं असेल. कधी सुट्टीत आल्यावर सकाळी साडेपाचला उठून त्यांच्या वेगानं चालणं असेल, सेकंदाला पाऊण मीटर, मध्ये दोनदा थांबत, त्याच त्या गोष्टी ऐकत. तरुण माणसाला इतकं हळू चालणं फार जड जातं. पाय अवघडतात, हात सारखा खिशातल्या फोनकडे जातो.

आणि कधी ते फक्त एवढंच असतं, की त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात पंचाहत्तरीची आजी रोज सकाळी डेअरीवर जाऊन दूध आणते. दोन लिटरचा डबा, जाऊन-येऊन किलोमीटरभर. घरच्यांना लाज वाटायची, लोक म्हणतील म्हातारीला राबवतात. शेवटी मुलानं घरपोच दूध लावलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात आला, तर आजीनं त्याला परत पाठवलं. मुलगा चिडला. ती म्हणाली, "तो घरी येते, तं मी कुठं जाऊ?"

दूध अजून तीच आणते. उन्हाळ्यात साडेपाचला निघते, एरवी सहाला.